शेवटी हसायचं असतं

मेलेल्या माणसाचा शॉट दिला की नटाने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं. नाहीतर खोटं मरण खऱ्याला चिकटतं, अशी आमच्या लाइनीतली समजूत. शिकलेसवरलेले दिग्दर्शकही हे चुकवत नाहीत. मी मात्र कायम त्याची टर उडवत आले.

ही रहस्यमालिका मीच लिहिली होती. नाशिकजवळच्या मळ्यातली एक मुलगी नाहीशी होते आणि दहा भाग संशय घरोघर फिरत राहतो. चॅनेलला कथा आवडली, शेवट आवडला नाही. "मुलगी सापडली पाहिजे. जिवंत नको," असं मीटिंगमध्ये ठरलं. मी मान डोलावली आणि तिला विहिरीत टाकलं. लिहायला एक दुपार पुरली.

ती मुलगी खरी होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही. मोहिनी. मखमलाबादला आमच्या शेजारच्या मळ्यात राहायची, शाळेत माझ्याच बाकावर बसायची. तेरा वर्षांपूर्वी बारावीचा फॉर्म भरायचा म्हणून तिने नाशिकच्या सीबीएस स्टँडची बस धरली, ती परत आलीच नाही. तिची आई, यशोदामावशी, अजून झेंडू आणि शेवंती पिकवते. तिच्या मळ्यातल्या फुलांचे हार अर्ध्या नाशकात जातात, पण घरातल्या मोहिनीच्या फोटोला तिने कधी हार घातला नाही, कुणाला घालूही दिला नाही. पोरगी येणार, हे तिच्या लेखी पक्कं आहे.

तरी शूटिंगला मी तिचाच मळा सुचवला. खरं अंगण, खरी विहीर. लाज कोळून प्यायले होते, दुसरं काय! मावशीला एवढंच म्हटलं, की एक सिरीयल आहे.

"तुझं काम हाय ना, मनी? मंग इचारायचं काय त्यात?" ती म्हणाली.

प्रेताचा शॉट होता त्या दिवशी मी तिला गोड बोलून देवळालीला बहिणीकडे पाठवलं. संध्याकाळपर्यंत येणार नाही, असा माझा हिशेब. सकाळपासून ऊन नव्हतं, आणि प्रेताच्या शॉटला असाच मळभाचा उजेड हवा म्हणून सगळे खूश होते.

अंगणात आमची नायिका रूपाली चादरीवर निपचित पडली होती. अंगावर ओला पिवळा ड्रेस, हिरवी ओढणी, डाव्या पायात एकच पैंजण. मोहिनी गेली तेव्हा हेच तिच्या अंगावर होतं. दुसरं पैंजण तुटलेलं, ते घरीच राहिलं. लिहिताना मी नाव बदललं, गाव बदललं, पण ते पैंजण मला सोडवेना. फार चांगलं होतं ते.

दिग्दर्शक बुद्धभूषणने "कट" म्हटलं, तेव्हा मावशी फाटकात उभी होती. हातात बहिणीने दिलेली मेथीची पिशवी.

"रूपाली, हस!" सगळे एकदम ओरडले. रूपाली उठून बसली, कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसली. टाळ्या पडल्या.

"ही हसली कशाला?" मावशीने विचारलं.

बुद्धभूषणला बिचाऱ्याला काय ठाऊक. तो अदबीने म्हणाला, "मेल्याचा शॉट दिला ना, मावशी. नंतर हसलं की ते मरण लागत नाही. आयुष्य वाढतं."

मावशीने रूपालीच्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आता ती शिव्या घालेल असं मला वाटलं, आणि तिने घालाव्यात असंही वाटलं. पण ती पिशवी तिथेच ठेवून घरात गेली आणि भिंतीवरचा फोटो काढून घेऊन आली.

फॉर्मसाठी काढलेला तो फोटो. फोटोग्राफरच्या पाठीमागून मी मोहिनीला वेडावून दाखवत होते, तरी ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

मावशीने पदराने काच पुसली आणि फोटो माझ्या हातात दिला.

"तू मारली ना तिला," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मंग आता हसव."