आईकडून आलेलं

"म्हणजे माझ्या पोरीला धोका नाही?" दादाने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोष पेशीच्या केंद्रात असता, तर बापाकडूनही गेला असता. हा केंद्राबाहेर आहे, पेशीला ताकद पुरवणाऱ्या बारीक कणांत. ते मुलांना आईकडूनच मिळतात. तुमचं तुमच्यापाशीच संपलं."

दादा खुदकन हसला. सव्विसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांत बरोबर मधोमध अंधार शिरला आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्याचा धंदा बसला. तेव्हापासून समोरच्याला पाहायचं, तर तो मान वळवून डोळ्याच्या कडेने पाही. लेक पंचविशीला आली, तशी त्याची झोप उडाली. शेवटी रक्त तपासायला दिलं होतं. धाकटी बहीण इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तीच त्याला हाताला धरून घेऊन आली होती. चोवीस वर्षं तीच आणत होती.

तिलाही आधी हायसं वाटलं. मग ते शब्द सावकाश आत उतरले.

"आईकडूनच?" तिने विचारलं. "म्हणजे आमच्या आईकडून मलाही? मला दोन मुलगे आहेत, बाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यात असणार. त्यांच्यातही. पण म्हणून डोळे जातातच असं नाही, पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही. मुलग्यांना मात्र जपायचं. सिगरेट, दारू अजिबात नको."

दादाचं हसू विझलं. मान वळवून तो तिला शोधू लागला.

"चिमणे, उगाच विचारलं गं मी."

"गप रे. तुझ्या पोरीचं तर निभावलं!"

त्याला घरी सोडून ती आपल्या घरी आली, तर वायरमनचं काम करणारा थोरला गॅलरीत सिगरेट ओढत उभा. तिने ती त्याच्या बोटांतून काढून चिरडली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मामासारखं?" त्याने चिरडलेल्या सिगरेटकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाडवडिलांची इस्टेट मिळाली, तीही असली!"

ती हसली नाही. तिचा चेहरा पाहून त्याने तळहाताने एक डोळा झाकला आणि समोरच्या गच्चीवरच्या टाकीवरची अक्षरं मोठ्याने वाचली. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा वाचली.

"बघ, अगदी खालची ओळसुद्धा. बरोबर ना?"

तिने टाकीकडे पाहिलं. तिच्या थकल्या डोळ्यांना तिथे नुसता निळा डाग दिसत होता.

"बरोबर," ती म्हणाली.