पंचांचा हात

“पंचाला हात शिट्टी धरण्यापुरताच असतो, वकीलसाहेब. तो दुसऱ्या कुणाच्या हातात देण्यासाठी नसतो,” मार्तंडराव आगाशे म्हणाले आणि समोरचा चहा त्यांनी तसाच निवू दिला.

दिघे वकिलांच्या ओटीवर बालमित्र मंडळाची सभा भरली होती. रविवारी शाळेच्या मैदानावर पार्ल्याच्या आणि जोगेश्वरीच्या पोरांचा हुतुतूचा अंतिम सामना होता, आणि मंडळाचे अध्यक्ष श्यामसुंदर दिघे यांच्या डोक्यात एक नवीन खूळ शिरलं होतं. वकीलसाहेबांनी जन्मात कधी हुतुतू खेळल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण ते जिमखान्यावर क्रिकेट बघायला नेमाने जात. तिथे सामना संपला की खेळाडू एकमेकांशी हात मिळवतात आणि पंचांशीही मिळवतात, हे बघून ते भारावून गेले होते. आपल्याकडे सामना संपला की काय होतं, तर जिंकलेली पोरं बोंबलत घरी जातात, हरलेली शिव्या देत जातात आणि पंच मागच्या फाटकाने जातो. हे स्वातंत्र्य मिळालेल्या देशाला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

“पोरांनी एकमेकांशी हात मिळवावेत. जरूर मिळवावेत,” मार्तंडराव म्हणाले. “पण पंचाला त्यात ओढू नका. ज्याला मी बाद दिला त्या पोरानं काय करायचं? रडायचं की माझा हात धरायचा?”

“यालाच खिलाडूवृत्ती म्हणतात, मार्तंडराव.”

“ती तुमच्या भाषणात असू द्या. पोरगं बारा-तेरा वर्षांचं असतं हो.”

जोगेश्वरीच्या पोरांना शिकवणारा सहदेव ओटीच्या पायरीवर बसला होता. गिरणीतली पाळी संपवून तो तसाच आला होता. वकिलांनी त्याचं मत विचारलं.

“माझी कायएक हरकत नाय,” सहदेव म्हणाला. “जिंकली तर आमची पोरां पंचाक खांद्यार घेतीत. हरली तर मात्र मी गॅरंटी देवचंय नाय.”

सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. मार्तंडराव तेवढे हसले नाहीत. “मग दुसरा पंच बघा,” एवढं बोलून ते चपला घालून निघाले.

आता दुसरा पंच बघायचा म्हणजे कुठे बघायचा? आठवडाभर फोर्टातल्या एका विमा कंपनीत खाली मान घालून काम करणारा हा माणूस रविवारी पांढरी हाफपँट चढवून, शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात उतरला की निराळाच व्हायचा. जोगेश्वरीपासून सांताक्रूझपर्यंत पोरांचा हुतुतू म्हटला की मार्तंडराव हवेतच. मैदान तेच आखायचे, फक्की तेच टाकायचे. चढाई करणाऱ्याचा दम कुठे तुटला, हे त्यांना कोलाहलातसुद्धा ऐकू यायचं. लोक त्यांचा निकाल मानायचे आणि त्याबद्दल त्यांच्यावर मनापासून चिडायचे. एकदा जोगेश्वरीला सामना संपल्यावर माणसं अंगावर धावून आली, तेव्हा मार्तंडराव एका तबेल्यात म्हशींच्या मागे जाऊन उभे राहिले होते. घरी आले ते शेणाचा वास घेऊनच. “म्हशींनी तरी निकाल मान्य केला ना?” असं कुंदाबाईंनी बंबात लाकूड सारता सारता विचारलं होतं.

सभेच्या दिवशीही कुंदाबाईंनी नवऱ्याचा चेहरा बघून काय ते ओळखलं. तांदूळ निवडायचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं.

“पंचगिरी सोडून आलात म्हणे. खालच्या मधूनं सांगितलं. वकिलांच्या ओटीवरची बातमी तुमच्याआधी घरी पोचते.”

मधू म्हणजे खालच्या बिऱ्हाडातला मधुकर. पार्ल्याच्या संघाचा कप्तान. आगाश्यांच्या घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कुंदाबाईंच्या डब्यातल्या निम्म्या चकल्या मधूच्याच पोटात जायच्या. मार्तंडराव मात्र त्याच्याशी बेताने बोलायचे. कप्तानाशी पंचाची सलगी बरी दिसत नाही, असं त्यांचं मत होतं.

“उगाच थेरं आहेत वकिलाची,” मार्तंडराव म्हणाले.

“ते झालंच. खरं काय ते सांगा.”

मार्तंडराव खिडकीपाशी गेले. वारा फिरला होता आणि कारखान्यातल्या बिस्किटांचा वास घरात येत होता. मग त्यांनी सांगून टाकलं. पंच म्हणून उभे राहू लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा त्यांनी एका पोराला बाद दिलं होतं. पोर हमसून हमसून रडत होतं. सामना संपल्यावर मार्तंडराव त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवायला धजले नाहीत, म्हणून त्यांनी नुसता हात पुढे केला. पोराने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान फिरवली. सगळं मैदान बघत होतं. मार्तंडरावांना तोंड कुठे लपवावं ते कळेना, इतकी लाज वाटली. त्यानंतर शेवटची शिट्टी वाजली की मागचं फाटक, हा नेम पडला.

“शिव्यांचं काही वाटत नाही गं. शिव्या पंचाला देतात. त्या दिवशी त्या पोरानं मला नाकारलं.”

कुंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

“रविवारी जा,” त्या म्हणाल्या. “मीही येते. कुणी हात नाहीच दिला तर मी आहे. तशी माझी तक्रार नाही तुमच्या हाताबद्दल.”

मार्तंडरावांना हसू आलं आणि ते हसले म्हणजे कबूल झाले, हे कुंदाबाईंना लग्नापासून ठाऊक होतं.

रविवारी मैदानाभोवती ही गर्दी. झाडांवरसुद्धा पोरं चढली होती. दिघे वकिलांनी कुठूनसा लाउडस्पीकर आणला होता आणि तो मधूनमधून कर्कश किंचाळत होता. जोगेश्वरीची पोरं अनवाणी चालत आली होती, येताना सहदेवने त्यांच्याकडून वाटेवरच बैठका काढून घेतल्या होत्या म्हणे. एका बाजूला मोठी चिंच होती. दोन्हीकडची बाद झालेली पोरं तिच्याखाली एकाच रांगेत बसायची, ही या मैदानाची रीत होती.

सामना मात्र झकास झाला. जोगेश्वरीचा बाळा हा काटकुळा पोरगा, पण एकदा त्याने घोटा धरला की सुटका नाही. पार्ल्याकडे मधू. तो चढाईला गेला की बायकासुद्धा उभ्या राहून बघायच्या. कधी हे पुढे, कधी ते पुढे, असं करता करता बरोबरी झाली आणि खेळ संपायला एकाच चढाईपुरता वेळ उरला. ती मधूची होती.

मधू ‘हुतुतुतुतु’ करत मधली रेघ ओलांडून गेला. डावीकडे हूल दिली, उजव्या कोपऱ्यातल्या पोराला निसटता हात लावला आणि वळला. तेवढ्यात बाळाने पालथं पडून त्याचा घोटा पकडला. मधू कोसळला. बाळाला ओढत, मातीत कोपरं खुपसत तो रेघेकडे सरकू लागला. मैदानावर असा गदारोळ उठला की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. मार्तंडराव गुडघ्यावर बसून मधूच्या तोंडाशी कान नेऊन होते. मधूची बोटं फक्कीच्या रेघेवर टेकली. पण त्याच्या आधी ‘तुतु’ थांबलं होतं, एक बारीक श्वास आत गेला होता आणि मग पुन्हा ‘तु’ आलं होतं. मार्तंडरावांनी ते ऐकलं. ते ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्यांना क्षणभर वाटलं.

त्यांनी शिट्टी फुंकली. “दम तुटला. बाद.”

पार्ल्याचा संघ हरला. जोगेश्वरीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. पार्ल्याचे लोक खवळले. “अहो, कान साफ करा,” “आपल्याच पोराची वाट लावली,” असं काय काय चारी बाजूंनी येऊ लागलं. कुंदाबाईंच्या शेजारी बसलेली मधूची आई जरा बाजूला सरकली.

तेवढ्यात लाउडस्पीकर किंचाळला. “आता दोन्ही संघ परस्परांशी आणि पंचांशी हस्तांदोलन करतील,” दिघे वकिलांनी जाहीर केलं.

जोगेश्वरीचा संघ रेघेपाशी उभा राहिला. मार्तंडरावही त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांनी मागच्या फाटकाकडे एकदा बघितलं, मग कुंदाबाईंकडे बघितलं, आणि राहिले. पार्ल्याची पोरं चिंचेखाली जाऊन बसली होती. एकही उठेना. कुणी गुडघ्यांत डोकं घातलं होतं, कुणी उगाच माती उकरत होतं.

“मधुकर,” वकील गरजले, “तू कप्तान आहेस. ऊठ. हात दे पंचांना.”

हेच होणार हे मार्तंडरावांना माहीत होतं, आणि तेही बायकोच्या देखत.

मधू उठला. कोपरं सोललेली, तोंड मातीने माखलेलं. तो पार्ल्याच्या अंगणात आला, रेघेपासून लांब उभा राहिला आणि त्याने मार्तंडरावांकडे रोखून बघितलं. मग छाती भरून श्वास घेतला.

“हुतुतुतुतुतु...”

तो चढाईला निघाला. रेघ ओलांडली, जोगेश्वरीच्या पोरांना टाळून थेट पंचांच्या समोर आला, हूल दिली, आणि त्यांच्या दंडावर सणसणीत चापट मारून उलटा पळाला. स्वतःच्या अंगणात पोचला तरी ‘तुतुतु’ चालूच. डोळे विस्फारलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, पण दम तुटू देईना. जणू ऐका म्हणत होता, ऐका काय ऐकायचं ते.

दिघे वकिलांचा चेहरा लाल झाला. “अरे, हा काय चावटपणा,” असं ते लाउडस्पीकरमधूनच म्हणाले, त्यामुळे ते स्टेशनापर्यंत गेलं असेल.

मार्तंडराव जागचे हलले नाहीत. ते मान किंचित कलती करून ऐकत होते. ते पंच होते, समोर चढाई झाली होती आणि निकाल द्यायचा होता. त्यांनी नीट ऐकलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि का कोण जाणे, इतका आनंद त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

“दम शाबूत,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “पंच बाद.”

आणि शिट्टी छातीवर सोडून ते सरळ चिंचेकडे चालू लागले.

आधी झाडांवरची पोरं हसली. मग सगळं मैदान हसू लागलं. मघाशी कान साफ करायला सांगणारे गृहस्थ तर डोळे पुसत होते. मधूची आई हसता हसता कुंदाबाईंच्या अंगावर कलंडली. मधूचा दम आता सुटला, आणि तो धापा टाकत, कंबरेवर हात ठेवून, हसावं की रागवावं या विचारात उभा राहिला.

चिंचेखालच्या रांगेपाशी मार्तंडराव थांबले. पोरं त्यांच्याकडे बघत राहिली. मग मधल्या दोघांनी ढुंगणं सरकवली आणि जागा झाली. हाफपँटमधले गुडघे सांभाळत मार्तंडराव खाली बसले. थोड्या वेळाने मधूही आला आणि त्यांच्याशेजारी घुसला. मघाशी बाद झाला होता, त्याची जागाही तिथेच होती.

“मार्तंडराव, हस्तांदोलनाचं काय?” वकील अजून आशा सोडायला तयार नव्हते.

“बाद झालेल्याला मैदानात येता येत नाही, साहेब,” मार्तंडराव बसल्या जागेवरून ओरडले. “नियम आहे.”

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मधूने मातीत बोटाने रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

“काका,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “तेव्हा गेला होता ना. दम. थोडासाच गेला होता.”

“थोडासा जात नाही रे तो.”

“माहितीये मला,” मधू म्हणाला. “पण आता नाही गेला.”

“छे. आता काय बिशाद. असा दम मी फार दिवसांत ऐकला नाही.”

मधूने नाक ओढलं आणि कोपराची माती झाडली.

पलीकडे सहदेवला मात्र घाई होती. पोरांना अंधार पडायच्या आत जोगेश्वरीला न्यायचं होतं. ही पार्ल्याची पोरं उठून येत नाहीत असं बघितल्यावर त्याने आपल्या पोरांना ढोसलं. “तेंचा काय बघतास? तुमी जावा. बाळा, तू पुढे हो. रांगेत बसलेत तितक्या सगळ्यांक हात दी. कोणाक सोडू नको.”

बाळा लाजाळू होता. मैदानात वाघ, पण चार माणसांत मान वर करायची त्याला चोरी. तो रांगेच्या टोकाशी आला आणि पायांकडे बघत कामाला लागला. हात धरायचा, एकदा हलवायचा, सोडायचा, पुढे सरकायचं. त्याच्यामागून बाकीची पोरं. पार्ल्याच्या पोरांनी बसल्या बसल्याच हात पुढे केले. कुणी मुद्दाम दाबला, कुणी नुसती बोटं दिली, एकाने हळूच चिमटा काढला आणि दोघेही हसले.

मार्तंडराव आपली पाळी येताना बघत होते. हात हाफपँटला पुसावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेजारच्या पोराचं झालं. मळका, खरचटलेला, अजून गरम असलेला हात त्यांच्या हाताभोवती आला, एकदा हलला आणि सुटला. बाळाने वर बघितलंच नाही. तो मधूचा हात धरून मोकळाही झाला होता.

मागून दुसरा आला. मार्तंडरावांनी पुन्हा हात पुढे केला.