नदीची ओटी आणि एकेचाळीस सॅमन

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, क्रूझवर जातात, नातवंडांना लाडावून ठेवतात. आमच्या ह्यांनी मासळीचं बाळंतपण करायला घेतलं.

हे म्हणजे डॉक्टर श्रीनिवास. नॉटिंगहॅममध्ये तेहेतीस वर्षं बाळंतपणं केली. सहा हजारांच्या वर, असं ते सांगतात, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतात. जन्म सांगलीचा, घराणं शुद्ध शाकाहारी. मी सुप्रभा, वेंगुर्ल्याची. चालायला लागले ती वडिलांचं बोट धरून मासळीबाजारातच. लग्नानंतर आमच्यात भांडणाचं एवढं एकच कारण होतं, आणि ते आम्ही घरात दोन तवे ठेवून मिटवलं.

आमच्यापासून अर्ध्या तासावर एल्म ब्रुक नावाची नदी आहे. नदी म्हणायचं ते आपलं तिचं मन राखायला. वेंगुर्ल्यात तिला कोणी व्हाळसुद्धा म्हटलं नसतं. एका जुन्या गिरणीच्या बांधामुळे शंभरेक वर्षं तिथे सॅमन चढलाच नव्हता. अंडी घालायला समुद्रातून निघालेली मासळी बांधाशी डोकं आपटून परत फिरायची. तीन वर्षांपूर्वी नदीप्रेमींच्या एका गटाने बांधाच्या कडेने माशांसाठी जिना बांधला. जिना म्हणजे एकावर एक छोटे हौद, आणि प्रत्येक हौदाला एक अरुंद दार. सगळ्यात वरच्या दारात कॅमेरा आणि मोजणीचं यंत्र. दारातल्या किरणापुढून सॅमनएवढं काही गेलं की आकडा एकाने वाढणार. तीन वर्षांत तो शून्यावरून हलला नव्हता. आता नदीखात्याचं फर्मान निघालं होतं की यंदा नोव्हेंबर संपेपर्यंत एकही सॅमन वर गेला नाही, तर जिना बंद.

हे त्या गटाचे स्वयंसेवक. आमच्या घरात सॅमनला मासा म्हणायची बंदी होती. पेशंट म्हणायचं.

"अगं, ती अख्खा अटलांटिक क्रॉस करून येते. नदीत शिरली की अन्नाला शिवत नाही. एवढं करून शेपटीने खडीत खड्डा खणते आणि त्यात अंडी घालते. नो एपिड्यूरल, नथिंग! तुमच्यापैकी आहे का कुणाची तयारी?"

"तुमच्याकडे यायच्या त्या बायका शेपटी घरी विसरत असतील," मी म्हटलं.

चिडवायची मी, पण मला त्यांचं वाईट वाटत होतं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उलटला आणि त्यांचं जेवण तुटलं. एरवी वरणभातावर तुपाची धार कमी पडली तर घर डोक्यावर घेणारा माणूस ताटात नुसती बोटं फिरवायला लागला. एकदा म्हणाले, "रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला बोलावलंय, सुप्रभा. जिना बंद झाला की मी परत काय करू?" 

अशा वेळी मी देवाधर्माकडे वळते. आमच्याकडे नारळ दिल्याशिवाय दर्यात होडी लोटत नाहीत. आणि इथे तर पहिलटकरीण माहेरी यायची होती! तिची ओटी नको भरायला? ती आली नव्हती, म्हणून मी नदीची भरायचं ठरवलं. वेंगुर्ल्याहून आणलेला हिरवा खण काढला, लाल काठाचा. त्यात नारळ, मूठभर तांदूळ, हळदकुंकू घालून गाठ मारली. बुधवारी हे डेंटिस्टकडे गेले तशी मी बसने एल्म ब्रुकला गेले आणि जिन्याच्या वरच्या अंगाला असलेल्या छोट्या पुलावरून ओटी पाण्यात सोडली. "बाई, माझ्या नवऱ्याकडे बघ आणि एक तरी पाठव," म्हटलं. नदीत काडीसुद्धा टाकायची नाही हा गटाचा पहिला नियम. पण नारळ म्हणजे कचरा थोडाच!

शुक्रवारी सकाळी मॉरीनचा फोन आला. मॉरीन ही त्या गटाची अध्यक्ष. एरवी बाई इतकी शांत की घराला आग लागली तरी आधी हवापाण्याचं बोलेल. त्या दिवशी ती ओरडत होती. यंत्राचा आकडा एकेचाळीस झाला होता.

ह्यांनी फोन ठेवला आणि हॉलमध्ये चक्क फुगडीसारखी गिरकी घेतली. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाने! मग गाडी काढून पेढे आणले आणि गल्लीतल्या सगळ्या घरांत वाटले. शेजारच्या कॉलिनला वाटलं आमच्या मुलीला, अनुयाला, बाळ झालं. "नाही, एकेचाळीस पेशंट आत आले," हे म्हणाले. कॉलिनने पेढा घेतला आणि हळूच दार लावलं.

दुपारी मॉरीनने कॅमेऱ्याची फिल्म पाठवली. पाणी गढूळ. त्यात हिरवं काहीतरी वळवळत होतं, पुन्हा पुन्हा.

"हिरवा सॅमन?" हे स्क्रीनला नाक लावून म्हणाले. "रेअर व्हरायटी असणार. त्याला लाल पट्टा पण आहे बघ!"

मी जवळ जाऊन बघितलं. लाल पट्टा कसला, तो माझ्या खणाचा काठ होता.

गप्प बसावं असं एक क्षण वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मंगळवारी नदीखात्याचे साहेब आकडा तपासायला यायचे होते, आणि हा माणूस त्यांच्यापुढे हिरव्या सॅमनवर भाषण देणार होता. मी सगळं सांगून टाकलं. नारळ वाहत येऊन दारात अडकला असणार, आणि मोकळा सुटलेला खण किरणापुढे फडफडत राहिला असणार. एकेक फडफड म्हणजे एकेक सॅमन.

मला वाटलं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हातातला पेढा त्यांनी परत डब्यात ठेवला आणि म्हणाले, "चल. काढायला हवा."

आम्ही पोचलो तेव्हा जेमतेम उजेड उरला होता. ह्यांनी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली आणि वरच्या हौदात उतरले. मी काठावर. नारळ दाराच्या फटीत गच्च बसला होता. ह्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले, चाचपलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पालटला. तेहेतीस वर्षं बाळंतपणाला निघताना असायचा तो चेहरा.

"डोकं आडवं आलंय," ते म्हणाले. "फिरवून घ्यावं लागेल."

"अहो, नारळ आहे तो!"

"तू बोलू नकोस. लाइट दाखव."

मी मोबाइलचा दिवा धरला. आणि तेव्हा मला दाराच्या खालच्या हौदात ती दिसली. हाताएवढी लांब, रुपेरी अंगावर तपकिरी झाक आलेली. पाण्यात एका जागी उभी होती, बंद दारापुढे पाहुणी उभी राहते तशी. तीन वर्षांनी पहिली सॅमन आली होती आणि माझ्या नारळाने तिची वाट अडवली होती! मी लाजेने दिवा नारळावरच धरून ठेवला.

ह्यांनी नारळ अर्धा वळवला आणि ओढला. तो बुचासारखा सुटला. हे मागच्या मागे हौदात बसले, चष्मा गेला, रबरी विजारीत पाणी शिरलं, आणि बैठक नेमकी कॅमेऱ्यावर टेकली. त्याच क्षणी ती उसळली. दारातून, ह्यांच्या काखेखालून, सुळकन वर गेली.

"आली! अहो, गेली! गेली ती!"

"कुठे? कुठे?" हे नारळ छातीशी धरून आंधळ्यासारखे चहूकडे बघत होते.

त्यांना काहीच दिसलं नाही. तीन वर्षं वाट बघितलेली पेशंट काखेतून गेली आणि डॉक्टरांना शेपटीचं टोकसुद्धा दिसलं नाही. मला रडूच आलं.

मंगळवारी मॉरीनच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. ह्यांनी एकेचाळीस आकडा स्वतः खोडला, कारणासकट. कुणी हसलं नाही, इंग्रज माणसं अशा वेळी चहा ढवळतात. मग हे म्हणाले, "पण एक गेली. माझ्या वाइफने पाहिली."

"फिल्म?" साहेबांनी विचारलं. मॉरीनने लावली. फिल्मभर ह्यांची विजार.

"सॉरी," साहेब म्हणाले. "ट्रेनिंग घेतलेला ऑब्झर्व्हर लागतो. ट्राउट मासा असू शकतो, काहीही असू शकतं."

आता मात्र माझं डोकं सणकलं. मला ट्राउट कळत नाही?

"शेपटीच्या बुडाशी बारीक, मुठीत धरता येईल अशी. ट्राउट तिथे जाड असतो," मी म्हटलं. "जबडा वाकडा नाही, म्हणजे मादी. वजन पाच किलोच्या आतबाहेर. पोट गाभोळीने भरलेलं, पण खालून सैल पडलेलं, म्हणजे या शुक्रवारच्या आत अंडी घालेल. गिरणीच्या वर जिथे मऊ चिखल नाही आणि सुपारीएवढी खडी आहे, तिथेच घालेल. बाजारात असती तर मी दुसऱ्या टोकाहून ओळखली असती."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. "डॉक्टर, तुमचं काय मत?"

हे म्हणाले, "मी तारखा देण्यात आयुष्य घालवलं. ही म्हणतेय तर जाऊन बघू या."

शुक्रवारी आम्ही चौघं गिरणीच्या वरच्या अंगाला काठाकाठाने चालत गेलो. दुसऱ्या वळणावर, उथळ पाण्यात, काळपट तळाच्या मधोमध पलंगाएवढी जागा लख्ख दिसत होती. खडी धुऊन पसरल्यासारखी, पुढे खळगा, मागे उंचवटा. शेपटीने खणलेलं घर, आणि उंचवट्याखाली हजारो अंडी. साहेब काठावर गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मॉरीनने मला मिठी मारली. ह्या देशात चाळीस वर्षांत मला इतकी घट्ट मिठी कुणी मारली नव्हती.

जिना राहिला.

साहेबांनी नोंदीचा कागद ह्यांच्या हातात दिला. तारीख, जागा, संख्या. ह्यांनी संख्येपुढे एक लिहिला. निरीक्षकाच्या रकान्यापाशी मी नेहमीच्या सवयीने मान वळवली. तिथे डॉक्टरांचंच नाव असतं. हे बराच वेळ लिहीत होते, म्हणून मी वाकून बघितलं. नाव माझं होतं, माहेरच्या आडनावासकट. आणि खाली, जिथे शिक्षण आणि अनुभव विचारला होता, तिथे डॉक्टरांच्या त्या कुणाला न लागणाऱ्या अक्षरात, पण मुद्दाम सावकाश आणि सुवाच्य काढून लिहिलं होतं: "जन्मभर मासे खाल्ले आहेत."