अडकलेल्या जहाजांचा प्रश्न

भिवपुरीच्या आमच्या विहारात जयंतीला मुलांची प्रश्नमंजुषा असते. यंदा विषय जगाचा इतिहास, आणि आमच्या मनालीनं हौसेनं नाव दिलेलं. मी भाकऱ्या थापत पुस्तकातनं प्रश्न विचारायचे, ती फटाफटा उत्तरं द्यायची. रेशीम कुठनं कुठं जायचं, कुठल्या राणीनं कुणाला हरवलं, कुठली माणसं देश सोडून का पळाली. एरवी मजा आली असती. पण तिचे पप्पा मालवाहू जहाजावर, तिकडं आखातात लढाई पेटलेली, जहाज तिथंच अडकलेलं, आणि आठवडा झाला फोन नाय. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मनालीला मी सांगितलं, पप्पांना रेंज नाय. टीव्हीची वायरच काढून ठेवली. सासूबाई, चंद्रभागा त्यांचं नाव, म्हणाल्या, "पोरीला सांग गं, ती काय कुक्कुलं बाळ हाय?" मी त्यांच्यावरच खेकसले.

अन् एका संध्याकाळी पुस्तकात तो मेला प्रश्न आला. १९६७च्या युद्धात सुएझ कालव्यात अडकलेली जहाजं किती वर्षांनी सुटली? खाली उत्तर छापलेलं, आठ. अगं बाई, आठ वर्षं! तव्यावरची भाकरी करपली.

"आई, विचार ना पुढचा."

मी तो गाळला आणि भलताच विचारला.

जयंतीच्या दिवशी विहार माणसांनी भरलेला. विहाराचे जगदीशदादा माइकवर चिठ्ठीतनं प्रश्न काढत होते. मनालीची पाळी आली आणि नेमका तोच निघाला. आता गप बस गं बाई, असं मी मनातल्या मनात तिला विनवत होते.

"आठ वर्षांनी," मनाली म्हणाली. टाळ्या पडल्या. पण तिनं माइक सोडला नाय. माझ्याकडंच बघत होती. "पण माणसं आठ वर्षं अडकली नव्हती, आई. त्यांना बदलून घरी पाठवायचे. मी शाळेत शोधलं. पप्पा कुठं हायत ते मला ठाऊक हाय."

तिनं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"पण सगळेच घरी आले का, ते सापडलं नाय गं. तुला ठाऊक हाय?"

सगळ्यांदेखत मी स्टेजवर चढले आणि तिला पोटाशी धरलं.

"नाय गं बाळा," मी म्हणाले. "मला पण नाय ठाऊक."