तेवीस अंश जास्त

मित्रांनो, मी एक जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे. आदिलाबादच्या एका कॉलेजातल्या रसायनशाळेत माझी बारा वर्षं गेली. तिथे माझ्या शब्दाला मान होता. अल्कोहोल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल एकत्र तापवलं, की एकशेचाळीस अंशांना ईथर तयार होतो आणि एकशेसत्तरला इथिलीन वायू. पदार्थ तेच, फरक फक्त उष्णतेचा. ती किती झाली, हे मी सांगायचो.

गेल्या उन्हाळ्यात साफसफाईत मी टेबलावर आपटलो. काच शाबूत राहिली, पण आतला पाऱ्याचा धागा तुटला आणि मध्ये फट पडून वरचा तुकडा पुढे सरकला. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे अश्विनीने इथिलीनचा प्रयोग लावला. जैनथहून रोज बसने येणारी, अबोल मुलगी. मला बुचात बसवलं आणि फट बुचाआड गेली. पारा एकशेसत्तरवर आल्यावर तिने वायू ब्रोमीनच्या तांबूस पाण्यात सोडला. इथिलीनने पाण्याचा रंग जायला हवा होता. तो गेला नाही. नुसता ईथरचा गोडसर वास आला.

नरसिंगराव सरांनी सगळ्यांदेखत तिचं लक्ष कुठे होतं ते विचारलं.

"पारा एकशेसत्तरवरच होता सर. म्या सोता पाह्यला."

सरांनी तिच्या रेकॉर्डवर लाल शेरा मारला. खोटं मी बोललो आणि बोलणी तिने खाल्ली. मला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला उकळत्या पाण्यात धरलं. शंभराच्या जागी एकशेतेवीस. तिने सरांना बोलावलं. सरांनी मला उजेडात धरून ती फट पाहिली. मग शेरा खोडून वर्गाला म्हणाले, "चूक हिची नव्हती. थर्मामीटर मी आधी तपासायला पाहिजे होता."

त्याच दिवशी 'तेवीस जास्त दाखवतो' अशी चिठ्ठी बांधून मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. बर्फ आणि मिठात गार केलं असतं तर धागा कदाचित जुळला असता. कुणाला सवड झाली नाही. ड्रॉवर कधी उघडला, तरी हात चिमटा उचलून परत जायचा.

मार्चमध्ये शेवटचं प्रॅक्टिकल झाल्यावर अश्विनी आली. तिने मला मुठीत धरलं. कित्येक महिन्यांनी ऊब लागली. पारा अठ्ठावन्नवर चढला.

"पस्तीस," ती हळूच म्हणाली. मग मला जागेवर ठेवून निघून गेली.

मित्रांनो, तुमच्याही प्रयोगशाळेत माझ्यासारखा कुणी पडून असेल. त्याचा आकडा चुकत असेल, तर तो कितीने चुकतो, एवढं तरी बघा.