तिसरा स्क्रू

“नळ?”

“बंद.”

“दिवा?”

“बंद.”

“खिडकी?”

“बंद.”

“तोंड?”

“बंद!” असं मी मोठ्यानं म्हणायचो आणि तिथंच हरायचो. ताई मात्र ओठ मिटून, गाल फुगवून उभी राहायची. घराबाहेर पडताना आईची ही रोजची हजेरी असे. एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात आमच्या डब्यांची पिशवी. ताईचं सगळं बंद, धाकट्याचं तोंड उघडं, असं म्हणून ती कडी घालायची.

मोठेपणी, आई गेल्यावर तसंच राहिलेलं ते कुलूप मी दोन वर्षांनी उघडलं, पंधरा दिवसांची रजा टाकून. घर नीट करायचं, स्वतःच्या हातांनी करायचं आणि ताईला परत आणायचं, एवढंच मनात होतं. आई गेल्यापासून ती कामाच्या जागेजवळ एका खोलीत राहते. खोली कसली, खाट टाकली की दार अर्धंच उघडतं.

झालं होतं ते असं. एका सकाळी ताई आवरून लवकर कामाला गेली. मागून आई उठली. बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये फरशीवर पाणी होतं, ते तिला दिसलं नाही. खुबा मोडला. आधी दवाखान्यात आणि मग माझ्या घरी, चार महिने ती पडून होती आणि पडूनच गेली. पाणी आलं कुठून, हे कुणी शोधलंच नाही, कारण ताईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की नळ आपल्याकडूनच नीट बंद झाला नसणार. तिनं बाहेरचा मोठा व्हॉल्व्ह फिरवला, दाराला कुलूप घातलं. पुढे दहा माणसांत मावशी म्हणाली, एक नळ पिळायला असं कितीसं बळ लागतं गं. ताई मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

तेव्हापासून ताई नळ बंद करत नाही, त्याचा गळा आवळते.

मी नवे नळ बसवले, बाहेरचा व्हॉल्व्ह उघडला आणि चार दिवसांत सगळे नळ ठिबकायला लागले. उघडून पाहिलं तर आतला रबरी वायसर मधोमध कापलेला. संध्याकाळी कामावरून सुटली की ताई भिंती खरवडायला यायची आणि निघताना प्रत्येक नळ दोन्ही हातांनी पिळून जायची. तिसऱ्यांदा वायसर मागितले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, घरात कुणी पैलवान आहे का? मी म्हणालो, बहीण आहे. मग तिला इथं पाठवा, म्हणाले, गंजलेले नटबोल्ट सोडवायला माणूस हवाच आहे. अर्ध्या फेरीत बंद होणारा, पिळावा न लागणारा नळही त्यांनी दाखवला. तो लावला, तर ताईला पटेना. हा बंद झालेला हाताला कळतच नाही रे, म्हणाली. मी तो काढून पुन्हा जुन्या पद्धतीचा बसवला.

नळांचं निदान कारण तरी कळत होतं. पॅसेजचं कळेना. तिथल्या भिंतीला पुट्टी भरली, प्रायमर मारला, फिकट पिवळ्या रंगाचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी कंबरेएवढ्या उंचीवर रंगाला फोड आला. बोटानं दाबला तर आतून ओलसर, मऊ, घामेजलेल्या माणसाच्या कातडीसारखा. खरवडलं, वाळवलं, वॉटरप्रूफचं रसायन फासलं, पुन्हा रंगवलं. पुन्हा फोड, आता दोन.

तशात वीज. गीझरचं बटण दाबलं की सगळ्या घराचा एमसीबी, वीज तोडणारा मेन स्विच, खटकन पडायचा. मी बटण बदललं. मग वायर बदलली. मग सगळा दोष गीझरच्या माथी मारला, एकट्यानं तो खाली उतरवला आणि पाठीत उसण भरून घेतली. गीझर खाली जमिनीवर बसला होता आणि एमसीबी तरीही पडत होता. काका म्हणाले, तुमचं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. तीन दुखणी वेगवेगळी बघू नका, घर एकच आहे. सगळे नळ बंद करा आणि पाण्याचा मीटर बघा.

मीटर जिन्याखाली होता. त्या संध्याकाळी ताई माझ्याबरोबर वाकून बघत होती. काचेखाली एक छोटा लाल काटा होता. घरात एक थेंब वापरात नव्हता आणि काटा फिरत होता. सावकाश, पण फिरत होता.

“माझाच राहिला असेल,” असं म्हणून ताई वर धावली. सगळे नळ आवळून खाली आली. काटा फिरतच होता. ती पुन्हा वर गेली. तिसऱ्यांदा खाली आली तेव्हा तिच्या तळहातावर नळाच्या चावीचे लाल वळ उठले होते. ती पायरीवर बसली.

“बघ,” ती म्हणाली. “माझ्या हातून बंद होतच नाही.”

मी तिला म्हणालो, कुठंतरी पाईप फुटला असेल, उद्या बघतो. ती बसला गेली. मी जिन्याखालीच उभा राहिलो. कुठं बघायचं हे मला ठाऊक होतं. मीटर बघायच्या आधीपासून, कदाचित पहिला फोड आला तेव्हापासून.

त्या भिंतीवर स्टीलचा दांडा होता, आईला धरून चालता यावं म्हणून. आई पडायच्या आठ महिने आधी तो मीच लावला होता. प्लंबरला कशाला बोलवायचं, दांडाच तर आहे, म्हणून घरच्या ड्रिलनं एका दुपारी उरकून टाकला. पहिली दोन भोकं पडली तेव्हा पिठासारखी कोरडी भुकटी आली. तिसऱ्याला ड्रिलच्या टोकाला ओला गारा चिकटून आला. चहाचा कप घेऊन आई मागे उभी होती. “भिंतीला घाम फुटला रे, तुझं काम बघून,” ती म्हणाली आणि मी हसलो. स्क्रू घातला, घट्ट पिळला. ओल थांबली. जुनी भिंत आहे, ओल असायचीच, असं मी स्वतःला सांगितलं. आईनं दांडा धरून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, आता मला कुण्णाची गरज नाही.

पुढे कधी ते आठवलं की मी दुसऱ्या कामाला लागायचो. मावशी ताईला बोलली त्या दिवशीही आठवलं होतं. तेव्हा मी ताईच्या शेजारून बाजूला झालो आणि पाहुण्यांच्या चपला सरळ लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दांडा काढला आणि छिन्नी घेतली. चार बोटं खोल गेल्यावर ओला सिमेंटचा चुरा आला, मग प्लास्टिकचा पाईप, आणि पाईपात रुतलेला तिसरा स्क्रू. स्क्रूनंच आपण पाडलेलं भोक बुजवून ठेवलं होतं, महिनोन्महिने. मग तो गंजत गेला, बारीक झाला, आणि एका पहाटे पाण्याला वाट मिळाली. आता तेच पाणी खालच्या, गीझरच्या स्विचबोर्डाच्या डबीत उतरत होतं, एमसीबी पाडत होतं, रंगाला फोड आणत होतं. आईला आधार म्हणून दिलेली वस्तू. मी त्या भिंतीला कपाळ टेकून बराच वेळ उभा राहिलो. ती गार होती.

दुरुस्ती तासाभराची होती. व्हॉल्व्ह बंद केला, वीतभर पाईप कापून नवा तुकडा घातला, दोन्ही टोकांना जोडाचे कपलर, चिकटवायचं सोल्युशन. स्विचबोर्डाची डबी बदलली. दोन दिवस भिंत उघडी ठेवली, पंखा लावून वाळवली. मग सिमेंट, पुट्टी, प्रायमर, रंग. काटा थांबला. एमसीबी टिकला. फोड आला नाही. जगातली सगळ्यात सोपी दुरुस्ती, आणि ती दोन वर्षं उशिरा झाली होती.

भिंत होईपर्यंत येऊ नको असं मी सांगितलं होतं, म्हणून ताई रविवारीच आली. मीटर बघून आली होती. पॅसेजच्या तोंडाशी उभी राहून तिनं नवा रंग पाहिला, दांड्याची रिकामी जागा पाहिली.

मी तिला म्हणालो की पाईप जुना होता, आपसूक फुटला होता, म्हणजे तेव्हाही पाणी त्याचंच असणार. ही अर्धी गोष्ट मी दोन दिवस घोकली होती. एवढ्यावर भागेल असं मला वाटत होतं. तीही सुटेल, मीही सुटेन.

ताईनं मान हलवली. “आत्ता फुटला असेल. बंद घरात पाईप फुटतातच. तेव्हा धड होता. तेव्हा नळच होता.” माझी समजूत घालावी तशी ती हे म्हणाली. मग म्हणाली, घर फार सुंदर केलंस, पण मला नाही राहवणार इथं. कुणाला तरी भाड्यानं दे, ज्यांना काही माहीत नाही अशा कुणाला. आणि माझी काळजी सोड. काही काही माणसांना घर लागत नाही.

पंधरा दिवसांचा चुना आणि धूळ नखांत घेऊन मी उभा होतो.

ताई हात धुवायला मोरीकडे वळली. धुऊन झाल्यावर तिनं नळ दोन्ही हातांनी आवळला. मनगटाच्या शिरा वर आल्या. तोटीखाली ओंजळ धरून थांबली. एकही थेंब पडला नाही. तिनं तो पुन्हा आवळला आणि आत रबर करकरलेलं मला ऐकू आलं.

“धाकट्या, बघ रे जरा,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “झाला का बंद?”

मी खिशात हात घातला. गंजानं अर्धा झालेला तो स्क्रू चार दिवस माझ्या खिशातच होता. तो मी तिच्या ओल्या तळहातावर ठेवला, लाल वळांच्या मधोमध.

“ताई, हा आईच्या दांड्याचा तिसरा स्क्रू आहे. मी लावला तेव्हाच तो पाईपात गेला होता, आई पडायच्या आठ महिने आधी. ड्रिलला ओला गारा आलेला मी पाहिला होता आणि कुणाला सांगितलं नाही. मावशी तुला बोलली तेव्हाही गप्प राहिलो. पाणी माझ्यामुळे आलं. त्या दिवशी तुझा नळ बंद होता.”