कोपऱ्यावरची शिडी

"शिडी खांद्यावर घ्या. आणि काही झालं तरी ती तिरपी करायची नाही," चिमाजीराव म्हणाले.

चार हमालांनी रस्त्यावरचे कंदील लावायची म्युनिसिपालिटीची शिडी उचलली. भद्रकालीतल्या त्या कोपऱ्यावर बघे जमले. नाशकात गर्दी जमायला कारण लागत नसे. इथं तर शिडी होती.

चिमाजीराव म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर. नव्या बांधकामांचे नकाशे तपासायचे आणि रस्त्याच्या ठरलेल्या रेषेपुढे कुणाचंही जोतं येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. हे काम इमानानं केलं की गावात मित्र उरत नाहीत. चिमाजीरावांनाही उरले नव्हते. तपासणीला जाताना ते घरून पाण्याचा तांब्या नेत. अर्जदाराच्या घरचा चहा घेत नसत. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानाची पायरी त्यांनी उखडायला लावली, त्या दिवसापासून सासुरवाडीतही त्यांना कुणी चहा विचारत नसे. तांब्याची सोय झाली होती.

हनीफनं वडिलांच्या वेळचं कोपऱ्यावरचं घर पाडलं होतं. त्याच जोत्यावर त्याला कापडाचं दुकान बांधायचं होतं. नियम म्हणत होता, जोतं मागं घ्या आणि कोपरा छाटा. कोपरा छाटला की लुगडी मांडायची ऐन मोक्याची जागा जाणार. 'जुनंच जोतं आहे, फार खोलात जाऊ नका,' असा म्युनिसिपालिटीच्या एका सभासदाचा निरोपही आला होता. चिमाजीरावांनी निरोप्याला तांब्यातलं पाणी पाजून परत पाठवलं.

आज जुन्या जोत्याच्या कडेनं बांबू रोवून, भिंत असल्यासारखी तरटं बांधली होती.

"साहेब, टांगा वळतो, बैलगाडी वळते," हनीफ म्हणाला. "अजून काय पायजे? हत्ती आणताय काय?"

लोक हसले.

"टांगा वळतो, कारण घोडा समजूतदार असतो," चिमाजीराव म्हणाले. "चला रे."

पुढचे दोघे हमाल वळले आणि शिडी अडकली. एका अंगाला तरट, दुसऱ्या अंगाला समोरच्या घराची भिंत.

"रावसाहेब, तिरपी केल्याबिगर नाय जायची," मागून केरू हमाल ओरडला.

"तिरपी करायची नाही."

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू?"

पुन्हा हशा. हनीफही हसला. "एवढी लांब चीज रोज कोण नेतो इथून?"

"रोज नाही नेत," चिमाजीराव म्हणाले. "पण नेतात."

शेजारच्या पायरीवर बसलेली हनीफची आई, खुर्शीदा, हळूच उठली.

"हनीफ, भूल गया? तुझ्या अब्बांचा जनाजा इथंच तिरपा केला होता. सगळे ओरडत होते, संभालो, संभालो. मी खिडकीतून बघत होते."

हसू थांबलं. त्या दिवशी पुढचा खांदा हनीफचाच होता.

चिमाजीरावांना नियमाचं कलम तोंडपाठ होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. हनीफनं वाकून स्वतःच कोपऱ्याचा बांबू उपटला.

"कुठवर मागं घेऊ, साहेब?"

चिमाजीरावांनी चुन्याची रेघ ओढली, त्या रेघेवर तरट बांधून घेतलं आणि शिडी पुन्हा उचलायला लावली. ती सरळ निघून गेली. मग तिथंच उकिडवं बसून त्यांनी हनीफच्या नकाशात छाटलेल्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं दुकानाचं दार काढून दिलं. "दोन्ही रस्त्यांवरून दिसेल." ओव्हरसियरनं अर्जदाराला काही दिल्याची नाशकातली ही बहुधा पहिलीच वेळ. हनीफनं चहा मागवला. चिमाजीरावांनी तांब्या तोंडाला लावला.

दुकान चाललं, ते त्या दारानंच.

पुढं एका उन्हाळ्यात, नोकरीत असतानाच चिमाजीराव तापानं गेले. गोदावरीकडे जायची वाट त्याच कोपऱ्यावरून होती. माणसं बेताचीच आली. रागावलेला मेहुणा खांद्याला होता, केरू होता. हनीफनं गिऱ्हाइकाला उठवलं, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि पुढं होऊन एकाचा खांदा आपल्याकडे घेतला.

कोपरा आला तसं मागून कुणीतरी जुन्या सवयीनं ओरडलं, "सांभाळून! तिरपी करा जरा!"

"गरज नाय," हनीफ म्हणाला.

तिरडी दुकानाच्या दारावरून सपाट वळली.